गोल्फमध्ये प्रो व्हायचंय? टूरकार्डाच्या आधी आणि नंतर काय काय करावं लागतं

क्लबातले लोक पाठ थोपटायला लागलेत, घरात चार ट्रॉफ्या जमल्यात आणि "आता प्रो होऊन बघू का?" हा विचार डोक्यातून जात नाही, अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितोय. मी पुण्यात खेळतच मोठा झालो, काही हंगाम देशातल्या टूरवर काढले आणि आता ज्युनिअर खेळाडूंबरोबर काम करतो. ही मुलं मला जे विचारतात, त्यात स्विंगचे प्रश्न कमी असतात. अमॅच्युअर दर्जा कधी सोडायचा, क्यू-स्कूलला (टूरवर खेळायचं कार्ड मिळवून देणाऱ्या पात्रता स्पर्धेला) कोणते कागद लागतात, वर्षाला पैसे किती उभे करायचे, कट (दोन राउंडनंतर पुढे जायची मर्यादा) चुकलेली रात्र कशी काढायची, हे प्रश्न जास्त असतात. एका जागी त्यांची उत्तरं मिळत नाहीत, म्हणून हा लेख.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट आधीच सांगतो. या पातळीवर चांगल्या दिवशी अठरा होलना ६६-६७ शॉट सगळेच मारतात. ड्रायव्हर सरळ जात नाही, पट (ग्रीनवरून होलकडे मारलेला हलका शॉट) कडेवरून फिरून बाहेर येतोय, रात्री झोप झालेली नाही, अशा दिवशी तुम्ही ७३ वर थांबता की ७९ वर जाता, यावर करिअर ठरतं. म्हणून तयारी वाईट दिवसाची करायची.

१. हँडिकॅपवर विसंबू नका, सगळी कार्डं काढा

"माझा हँडिकॅप शून्यावर आलाय" हे वाक्य मी नेहमी ऐकतो. हँडिकॅप म्हणजे तुमच्या खेळाचा दर्जा सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला. अभिनंदन, पण सध्याची वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम काय मोजते ते समजून घ्या. तुमच्या शेवटच्या २० राउंडमधले सर्वांत चांगले ८ ती घेते आणि त्यांची सरासरी काढते. उरलेले १२ ती बघतच नाही. टूरवर तुम्हाला त्या बारांवरच जगायचं आहे.

तेव्हा असं करा. शेवटची २० कार्डं समोर घ्या. गिमी दिलेली (छोटा पट न मारताच सोडलेली), मलिगन घेतलेली (वाईट शॉट दंडाशिवाय पुन्हा मारलेली), पुढच्या टीवरून खेळलेली कार्डं बाजूला टाका. घरच्या कोर्सवरची आणि बाहेरची अशी दोन थप्पी करा. मग बाहेरच्या थप्पीतल्या, स्पर्धेतल्या आणि मागच्या टीवरच्या वाईट राउंडची सरासरी काढा. ती कोर्स रेटिंगपेक्षा (शून्य हँडिकॅपच्या खेळाडूकडून त्या कोर्सवर अपेक्षित स्कोअरपेक्षा) दोन-तीन शॉटनेच जास्त असेल तर पुढे वाचा. सहा-सात शॉटने जास्त असेल तरीही वाचा, पण अजून किमान एक-दोन वर्षं अमॅच्युअर म्हणून खेळायची मनाची तयारी ठेवा. टूरवर टिकणारे खेळाडू स्क्रॅचच्या, म्हणजे शून्य हँडिकॅपच्या, बरेच पलीकडे, प्लस (शून्याहूनही चांगल्या) हँडिकॅपमध्ये असतात.

२. खेळायची जागा मिळवा

महाराष्ट्रात ही अडचण सगळ्यांत आधी येते. येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, ताडदेवचं विलिंग्डन, कुलाब्याचा यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब, हे सगळे सदस्यांचे. सदस्यत्व महाग असतं आणि रांग लांब असते. खारघरचा सिडकोचा कोर्स सर्वसामान्यांना ग्रीन फी भरून खेळता येतो. मुंबई-नवी मुंबईच्या मुलांनी सुरुवात तिथून करावी. पुण्याजवळ ऑक्सफर्डला पैसे भरून खेळायची सोय असते. वडील सैन्यात असतील तर सेनादलांचे कोर्स तुमच्यासाठी उघडे असतात. आपला नावाजलेला प्रो अनिर्बान लाहिरी, त्याचे वडील लष्करात डॉक्टर होते, आणि त्याचा जन्म पुण्याचाच.

क्लबाच्या ऑफिसात जाऊन ज्युनिअर योजना, आठवड्यातल्या मधल्या दिवसांचे दर आणि कोचबरोबर सरावाची परवानगी या तीन गोष्टी नाव घेऊन विचारा. "मला प्रो व्हायचंय, काही सोय आहे का?" असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच मिळतं.

सदस्यत्व नाही म्हणून हा खेळ आपला नाही, असं समजू नका. १९९१ ची इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी म्हणून वाढला. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात ग्रीनकीपर होते. मुलाने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकली. तुमच्या कोर्सवरच्या कॅडीमंडळींशी मनापासून दोस्ती करा. ग्रीनचा उतार कोचपेक्षा त्यांना जास्त कळतो, आणि त्यांच्यातले कित्येक जण तुमच्याहून चांगलं खेळतात.

दोन-तीन महिने एकाच कोर्सवर काढले की डोळे मिटून क्लब निवडता येतो. त्यात धोका आहे, म्हणून मुद्दाम बाहेर पडा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथे जो आयर्न १५० यार्ड जातो तो चेंबूरला चार-पाच यार्ड आधी पडतो, म्हणजे अर्ध्या क्लबाचा फरक. कुलाब्याला समुद्राचा वारा लागतो. दिल्ली गोल्फ क्लबात फेअरवेच्या दोन्ही बाजूंना दाट झुडपं आहेत. तिथे बहुतेक होलवर ड्रायव्हर बॅगेतच बरा.

३. अमॅच्युअर दर्जा सोडायची घाई करू नका

इंडियन गोल्फ युनियनकडे खेळाडू म्हणून नोंदणी करा आणि तिच्या ज्युनिअर व अमॅच्युअर स्पर्धा खेळा. तिथे मिळालेले गुण वर्ल्ड अमॅच्युअर गोल्फ रँकिंगमध्ये दिसतात. परदेशातल्या कॉलेजची शिष्यवृत्ती हवी असेल तर तिथले कोच हीच यादी उघडून बघतात.

२०२२ पासून अमॅच्युअरचे नियम बरेच सैल झालेत आणि अनेक पालकांना हे अजून माहीत नाही. आता अमॅच्युअर खेळाडूला स्पॉन्सर घेता येतो, टोपीवर कंपनीचं नाव लावता येतं. स्क्रॅच स्पर्धेत (जिथे हँडिकॅपची सूट नसते) ठराविक मर्यादेपर्यंत (७०० पौंड किंवा १००० डॉलर) रोख बक्षीसही चालतं. म्हणजे फक्त स्पॉन्सरसाठी प्रो व्हायची गरज उरलेली नाही.

दर्जा जातो तो या कारणांनी: मर्यादेपेक्षा मोठं बक्षीस घेतलं, प्रो म्हणून स्पर्धा खेळली, क्लबात प्रो म्हणून नोकरी धरली, किंवा पैसे घेऊन कुणाला शिकवलं. या शेवटच्या कारणाने मुलं सर्वांत जास्त फसतात. सोसायटीतल्या काकांना रेंजवर चार धडे दिले आणि त्यांनी पाकीट हातात ठेवलं, की संपलं. दर्जा परत मिळतो, पण अर्ज करा, थांबा, तोवर स्पर्धा नाहीत.

एक फाइल करा आणि तिची स्कॅन प्रत मोबाइलमध्ये ठेवा. तिच्यात हे हवं:

- जन्मदाखला, आधार, पॅन
- किमान दोन वर्षं मुदत बाकी असलेला पासपोर्ट
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- गोल्फ युनियनचा नोंदणी क्रमांक आणि हँडिकॅपचा दाखला
- खेळलेल्या स्पर्धांची यादी, निकालांसकट
- रद्द केलेला चेक
- वय अठराच्या आत असेल तर पालकांचं संमतिपत्र
- नियमित औषधं चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी (हिची गरज पुढे नवव्या मुद्द्यात कळेल)

४. सामान

यावर फार लिहीत नाही, कारण पोरं यातच सगळा वेळ घालवतात. बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब. फिटिंग एकदा नीट करून घ्या, विशेषतः शाफ्ट आणि लाय अँगल. आयर्न मागच्या पिढीचे, वापरलेले असले तरी चालतात. वेज मात्र खाचा झिजल्या की बदला, आणि बॉलचं मॉडेल वर्षभर एकच ठेवा. रेंजफाइंडर बहुतेक ठिकाणी चालतो, पण उतार मोजणारी सोय बंद करूनच. चालू राहिली आणि वापरली तर दंड बसतो.

५. सराव असा करा की वाईट दिवस स्वस्तात सुटेल

ड्राइव्ह फक्त दाखवायला, पैसे पटरच मिळवून देतो, असं क्लबात सगळे म्हणतात. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या लाखो शॉटची नोंद तपासली, तेव्हा चित्र वेगळं निघालं. अव्वल खेळाडू बाकीच्यांपेक्षा जे शॉट वाचवतात, त्यातले साधारण ४० टक्के ग्रीनकडे मारायच्या अप्रोच शॉटमधून येतात. पटिंगचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून माझ्याकडच्या मुलांचा सर्वाधिक वेळ मी १०० ते २०० यार्डांच्या शॉटवर घालवतो.

तोही एकाच सात नंबरने बादलीभर बॉल मारून नाही. प्रत्येक बॉलला क्लब बदला, लक्ष्य बदला, मागे जाऊन पुन्हा उभे राहा. बॉल हवेतून किती गेला आणि पडल्यावर किती घरंगळला, हे वहीत वेगवेगळं लिहा. रेंजचे झिजलेले बॉल कमी जातात, त्यामुळे हे आकडे कोर्सवर स्वतःच्या बॉलने पुन्हा तपासा.

आता माझा सगळ्यांत आवडता सराव. संध्याकाळी कोर्स मोकळा असताना दोन बॉल घेऊन नऊ होल खेळा. प्रत्येक शॉट दोनदा मारायचा आणि दोन्हींतला *वाईट* बॉल पुढे न्यायचा. एक ड्राइव्ह फेअरवेवर, दुसरा झाडाखाली, तर झाडाखाली जायचं. तिथून पुन्हा दोन. पाच फुटांचा पट एकदा पडला तर पुरत नाही, दोन्ही पडायला हवेत. पहिल्यांदा खेळाल तेव्हा नऊ होलला पन्नासच्या वर जाल आणि जीव रडकुंडीला येईल. पण वाईट जागेवरून बोगीत (होलच्या ठरलेल्या शॉटपेक्षा एकच जास्त घेऊन) सुटायची सवय दुसऱ्या कुठल्याही सरावाने इतक्या लवकर लागत नाही. चांगल्या बॉलने खेळायचा जो उलटा प्रकार असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याने फक्त बरं वाटतं.

पटिंगबद्दल एकच बारकावा सांगतो. डिसेंबर-जानेवारीत येरवड्याला सकाळी पहिल्या गटात टी-टाइम मिळाला तर ग्रीन दवाने पांढरं झालेलं असतं. बॉल पुढे जाताना बारीक तुषार उडवतो आणि मागे काळपट हिरवी रेघ सोडतो. तो जड चालतो, कमी वळतो, आणि नेहमीच्या जोराने मारला तर फूटभर आधी थांबतो. आधी पट केलेल्याची रेघ नीट पाहा, ती तुम्हाला उतार फुकटात दाखवते. पण आपल्या रेषेतलं दव हाताने किंवा टॉवेलने पुसू नका. नियमात दव म्हणजे मोकळा कचरा नव्हे. पान उचलता येतं, दव पुसलं तर दोन शॉटचा दंड. दहा वाजता ऊन वर आलं की हेच ग्रीन झटपट वेग पकडतं, म्हणून दुसऱ्या नऊ होलला हात आवरता घ्या.

पावसाळ्यात कोर्स भिजलेला असतो, बॉल चिखलात रुतून बसतो. ते दिवस व्यायाम, चिपिंग आणि नियमांचं पुस्तक यांसाठी राखून ठेवा.

६. डोक्याची तयारी

अठरा होलचा राउंड साडेचार-पाच तासांचा असतो. त्यात प्रत्यक्ष बॉल मारण्यात काही मिनिटंच जातात. उरलेला सगळा वेळ तुम्ही आणि तुमचं डोकं.

*मारण्याआधी.* प्रत्येक शॉटआधीचा क्रम ठरवा आणि तोच ठेवा. बॉलच्या मागे उभं राहून निर्णय, एक सराव स्विंग, पाय लावले, मारला. नियमांची शिफारस ४० सेकंदांची आहे, तेवढ्यात हे सगळं बसवा. निर्णय बॉलच्या मागे संपला पाहिजे. पाय लावल्यावर "सहा नंबर घेऊ का?" असं मनात आलं तर मागे या आणि पहिल्यापासून सुरू करा.

*मारल्यानंतर.* वाईट शॉटचा राग येणारच. तो येऊ नये म्हणून धडपडू नका, त्याला हद्द घालून द्या. माझी मुलं क्लब बॅगेत परत जाईपर्यंत चिडतात. क्लब आत गेला की विषय बंद. डोक्यात राख घालून पुढचा शॉट मारला की बोगीचा डबल बोगी होतो, आणि कट चुकतो तो बहुतेक वेळा अशाच एका डबलने.

*अडचणीत.* झाडांमधून हातभर फट दिसते आणि पलीकडे ग्रीन दिसतं. ती फट विसरा. आडवा बॉल काढून फेअरवेवर आणा. पिन बंकरच्या मागे लावलेला असेल तर ग्रीनच्या मध्यावर मारा. या सल्ल्याला भित्रेपणा म्हणणारे मित्र भेटतील. त्यांची कार्डं बघा.

*अपेक्षा.* जगातले सर्वोत्तम खेळाडू, पीजीए टूरवरच्या गुळगुळीत ग्रीनवर, आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. वीस फुटांवरून शंभरात पंधराच्या आसपास. हे आकडे बॅगेत लिहून ठेवा. आठ फुटांचा पट हुकला म्हणून स्वतःला शिव्या घालणारा मुलगा जगात कुणालाच न जमणारी गोष्ट स्वतःकडून मागत असतो. याउलट तीन फुटांवरून ते जवळजवळ चुकत नाहीत. तिथे मात्र स्वतःला सूट देऊ नका.

*हरण्याची सवय.* टूरवर आठवड्याला जिंकतो एकच जण. फार चांगला खेळाडूही वर्षातले बहुतेक आठवडे हरूनच परततो. क्लबात कायम जिंकत आलेल्या मुलाला हे फार जड जातं. कट चुकला त्या संध्याकाळी जेवा, घरी फोन करा, सामान बांधा. स्विंगचे व्हिडिओ त्या रात्री उघडू नका आणि कोचला दुसऱ्या दिवशी फोन करा. वहीत तीनच ओळी लिहा: कुठल्या निर्णयाने शॉट गेले, कुठला क्लब दिवसभर साथ देत होता, उद्या कशावर काम करायचं. लीडरबोर्डवर मित्रांची नावं चाळत बसलात तर झोप उडते, दुसरं काही होत नाही.

लाहिरी विपश्यनेबद्दल उघडपणे बोलत आलाय. २०२२ च्या प्लेअर्स स्पर्धेत तो एका शॉटने दुसरा आला, पण त्याआधीचा मोठा काळ त्याला फॉर्मने साथ दिलेली नव्हती. पुण्याच्या उदयन मानेचं उदाहरणही लक्षात ठेवा. टोकियो ऑलिंपिकच्या मूळ यादीत त्याचं नाव नव्हतं. अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतली आणि स्पर्धा तोंडावर आलेली असताना त्याला बोलावणं आलं. असा फोन येतो तेव्हा खेळ तयार असावा लागतो, तयारीला वेळ मिळत नाही.

७. क्यू-स्कूल

देशातली पुरुषांची मुख्य टूर म्हणजे प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, सगळे पीजीटीआय म्हणतात. ती २००६ मध्ये सुरू झाली. तिचं कार्ड मिळवायचा दरवाजा म्हणजे क्यू-स्कूल: आधी प्राथमिक फेऱ्या, त्यातून वर आलेल्यांची अंतिम फेरी, आणि अंतिम फेरीतल्या वरच्या खेळाडूंना हंगामाचं कार्ड. मुलींसाठी विमेन्स गोल्फ असोसिएशन ऑफ इंडिया प्रो टूर चालवते. अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आल्यापासून मुलींची चौकशी वाढलीय, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पुढची पायरी एशियन टूर, तिचं क्यू-स्कूल थायलंडमध्ये होतं. पण आधी घरची टूर.

अर्ज भरताना त्या वर्षीची नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचा. फी परत मिळण्याची मुदत, अमॅच्युअर म्हणून अर्ज करायचा की प्रो म्हणून, सराव राउंडच्या तारखा, हे सगळं तिथेच असतं. अमॅच्युअर राहून उतरता येत असेल तर तसंच उतरा. कार्ड हाती आलं की मग ठरवा.

कोर्सवर किमान तीन दिवस आधी पोहोचा. सराव राउंडमध्ये स्कोअर मोजू नका. प्रत्येक ग्रीनच्या चारही बाजूंनी चिप करा, आणि कुठल्या बाजूला चुकलं तर चालेल हे यार्डेज बुकात (कोर्सच्या अंतरांच्या वहीत) खुणेने लिहा.

खाली दिलेल्या चुका चांगला खेळणारे करतात आणि वर्ष घालवतात:

- पहिल्या टीवर पोहोचण्याआधी क्लब मोजा. पंधरावा निघाला तर होलमागे दोन, जास्तीत जास्त चार शॉटचा दंड.
- टी-टाइमला पाच मिनिटांच्या आत उशीर झाला तर दोन शॉट, त्याहून जास्त झाला तर स्पर्धेबाहेर.
- पहिला बॉल हरवल्याची शंका असेल आणि दुसरा मारत असाल, तर "प्रोव्हिजनल" (तात्पुरता) हा शब्द मोठ्याने म्हणा. "आणखी एक मारतो" म्हटलंत तर पहिला बॉल सापडूनही उपयोग नाही.
- हरवलेला बॉल शोधायला तीन मिनिटं मिळतात. जुने लोक पाच सांगतात, तो नियम २०१९ मध्ये बदलला.
- सही करण्याआधी कार्ड होलवार वाचा, बेरजेकडे बघू नका. एखाद्या होलला प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहिलेला असेल आणि तुम्ही सही केलीत, तर बाद. जास्त लिहिलेला असेल तर तोच पक्का धरतात. १९६८ च्या मास्टर्समध्ये रॉबर्टो दे विसेन्झोच्या कार्डावर तीनच्या जागी चार लिहिलं गेलं, त्याने सही केली आणि प्ले-ऑफची संधी गेली.

शंका आली तर रेफरीला बोलवा. बोलावल्याने कुणी हसत नाही.

८. पैशांचा हिशेब

पीजीटीआयच्या एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला साधारण पंधरा लाख मिळतात. हा आकडा घरी सगळ्यांना पाठ असतो. शंभरावर खेळाडू उतरतात, दोन राउंडनंतर वरचे पन्नास आणि त्यांच्या बरोबरीतले पुढे जातात, बाकीचे रिकाम्या हाताने परततात, हे मात्र कुणी सांगत नाही. कट पार करून खाली राहणाऱ्याचा त्या आठवड्याचा खर्च जेमतेम निघतो.

एका स्पर्धेचा खर्च कागदावर मांडा: प्रवेश फी, प्रवास, पाच-सहा रात्रींची राहण्याची सोय, जेवण, कॅडी, बॉल, धुलाई. त्याला वर्षातल्या स्पर्धांनी गुणा. कोच आणि फिजिओचे पैसे त्यात घाला. कमाई शून्य धरा. एवढे पैसे हंगाम सुरू होण्याआधी बाजूला नसतील तर स्पर्धा कमी खेळा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ते इथेच. जूनपर्यंत पैसे संपले की मुलगा प्रत्येक पट भाड्याच्या पैशांचा म्हणून मारायला लागतो, आणि तसा पट पडत नाही.

दोघातिघांनी मिळून खोली घ्या. विमानाने जाताना बॅगेचं वजन आधी करा. १५ किलोची मर्यादा असेल तर गोल्फ बॅगच ती जवळपास संपवते, कपडे पाठीवरच्या पिशवीत. कॅडीचा आठवड्याचा दर आणि बक्षिसातला वाटा पहिल्याच दिवशी बोलून घ्या, मागाहून होणारे वाद वाईट असतात. स्पॉन्सरचा करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. पुढच्या कित्येक वर्षांच्या कमाईतला हिस्सा मागणारी कलमं मी वाचली आहेत. आणि व्याजाने पैसे काढून टूर खेळू नका, मग सावकार ओळखीचा असो वा नात्यातला.

९. औषधं आणि अंग

गोल्फमध्ये स्पर्धेच्या काळात बीटा-ब्लॉकर गटातल्या औषधांवर बंदी आहे, कारण त्यांनी हाताची थरथर आणि धडधड कमी होते. प्रोप्रॅनोलॉल हे औषध अर्धशिशीसाठी किंवा धडधडीसाठी आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात. घरातल्या मोठ्यांची गोळी "टेन्शन आलंय, अर्धी घे" म्हणून दिली जाते. ती घेऊ नका. खरोखरच आजार असेल तर राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे, उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज आधी करावा लागतो. दुकानातली प्रोटीन पावडर आणि सर्दीची औषधंही डॉक्टरांना "मी डोप टेस्टमध्ये येतो" असं सांगूनच घ्या.

कंबर जपा. वयाच्या विशीत रोज शेकडो ड्रायव्हर मारून पाठ धरलेली मुलं माझ्याकडे येतात. पाणी तहान लागायच्या आधी प्या, आणि खाणं बॅगेत घरचं ठेवा. दशमी, शेंगदाणे, खजूर, केळं हे बाराव्या होलवर पॅकेटबंद बारपेक्षा चांगलं काम करतं.

१०. घरच्यांशी बोलणं

सुरू करण्याआधी आईबाबांबरोबर बसा आणि आढाव्याची तारीख ठरवा. तीन हंगाम म्हणा, चार म्हणा. त्या दिवशी काय बघायचं तेही आजच लिहा: किती कट पार झाले, वाईट राउंडची सरासरी किती खाली आली, शिल्लक किती. ऑर्डर ऑफ मेरिटमधल्या (टूरच्या वार्षिक क्रमवारीतल्या) क्रमांकाइतकंच वाईट राउंडच्या सरासरीकडे बघा. ती दरवर्षी खाली येत असेल तर थांबायची घाई करू नका, येत नसेल तर आणखी एक हंगाम कर्जाने विकत घेऊ नका.

आई-बाबांना एक विनंती. संध्याकाळी फोन आला की "किती झाले?" हा पहिला प्रश्न नको. जेवण झालं का ते विचारा, स्कोअर तो स्वतःहून सांगेल.

टूरबाहेरही या खेळात काम आहे. नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया कोचिंगचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवते. कोर्सची देखभाल, क्लब फिटिंग, स्पर्धांचं व्यवस्थापन यांतही जाणकार माणसं कमी पडतात. पदवी सोडू नका. रोजच्या हजेरीचं कॉलेज टूरबरोबर जमत नाही, पण नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ती पूर्ण करता येते. अभ्यास केंद्र घराजवळचं निवडा, प्रवेशाची मुदत आत्ताच बघून ठेवा आणि परीक्षेच्या तारखा आल्या की हंगामाचं वेळापत्रक त्यांना सोडून आखा.